भातसाकाठचे हादरे आणि घराच्या भिंती

मुंबईला तलावांतून मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ज्या भातसा जलाशयातून येते, तो ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. आणि याच जलाशयाच्या परिसरात 1983 च्या मे महिन्यापासून जमीन वारंवार हादरू लागली होती, ही गोष्ट मुंबईत फारशी कुणाला ठाऊक नाही, शहापुरातही ती आता जुन्या माणसांच्या आठवणीपुरतीच उरली आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात खर्डीच्या बाजूला धक्क्यांचे सत्र चालू राहिले आणि त्यांतला सर्वांत मोठा धक्का 15 सप्टेंबर 1983 रोजी बसला. त्याची महत्ता 4.9 होती. महत्ता म्हणजे भूकंपाच्या मुळाशी किती ऊर्जा मोकळी झाली याचे माप, आणि तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी तो धक्का किती जोराने जाणवला व त्याने किती नुकसान केले याचे माप. बातम्यांमध्ये या दोन शब्दांची नेहमी सरमिसळ होते. परंतु एकच महत्ता असलेला भूकंप एका गावात कौले सरकवून थांबतो आणि दुसऱ्या गावात भिंती पाडतो, तेव्हा तो फरक बहुधा जमिनीचा आणि बांधकामाचा असतो, म्हणून हा भेद सुरुवातीलाच ध्यानात घेतलेला बरा.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, एकीकडे कसारा घाट आणि दुसरीकडे माळशेज घाट यांच्या कुशीत वसले आहेत. येथील काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. वरवर हा खडक अभेद्य वाटतो. पण तो अनेक ठिकाणी भेगाळलेला आहे, त्याच्या थरांमध्ये सच्छिद्र पट्टे आहेत, आणि त्याच्या खाली असलेल्या अतिप्राचीन खडकातही जुने विभंग, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घसरू शकतात अशा मोठ्या भेगा, आहेत. या विभंगांवर भूगर्भातील ताण कायमच असतो आणि दोन्ही बाजूंमधील घर्षण त्यांना धरून ठेवते. मोठे धरण बांधल्यावर पाण्याचे वजन वरून पडते हे खरे, परंतु त्याहून महत्त्वाचे असे की पाणी भेगांतून खोल झिरपते, तेथील दाब वाढवते आणि घर्षणाची पकड सैल करते; मग जो ताण पुढे केव्हातरी सुटला असता तो लवकर सुटतो. याला जलाशयप्रेरित भूकंप म्हणतात. ‘प्रेरित’ या शब्दाला येथे अर्थ आहे, कारण पाणी ताण निर्माण करीत नाही, आधीच असलेल्या ताणाला ते वाट करून देते. सुमारे 88 मीटर उंचीच्या भातसा धरणाच्या परिसरातील 1983 चे धक्के अभ्यासकांनी याच प्रकारात मोडले आहेत, आणि या प्रकाराचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण महाराष्ट्रातच, सातारा जिल्ह्यात कोयनेला आहे.

कोयनानगर येथे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपाची महत्ता 6.3 होती आणि त्यात सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली. महत्तेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते, या हिशेबाने कोयनेच्या भूकंपाची ऊर्जा भातसाच्या सर्वांत मोठ्या धक्क्याच्या सव्वाशे पट भरते. म्हणून शहापूरच्या अनुभवावरून थेट कोयनेची भीती घालणे योग्य ठरणार नाही. मात्र लहान धक्के येऊन गेले, आता जमिनीतला जोर संपला, असा जो समज खेड्यापाड्यांत ऐकू येतो, त्यालाही आधार नाही. लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात 1992 मध्ये धक्के बसले होते, पुढे ते ओसरले, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाव गाढ झोपेत असताना, जो भूकंप झाला त्यात सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसे गेली. त्याआधी तो सगळा प्रदेश नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा म्हणून रंगवलेला होता. भारतीय मानक ब्युरोने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवला आहे, तर कोयनेचा परिसर चौथ्या विभागात आहे. मध्यम धोका म्हणजे धोका नाही असे नव्हे. साध्या विटांच्या किंवा दगडांच्या, नीट न जोडलेल्या भिंती कोसळायला तेवढा पुरेसा असतो.

किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः घराखाली सापडून. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. भिंतीच्या आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसल्याने हादऱ्यात भिंत मधोमध फुटली, आणि छपराचे सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले. याच्या शेजारी शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांमधील जुने घर ठेवून पाहावे. त्या घराचे छप्पर भिंतींवर टेकलेले नसते. जमिनीत पुरलेल्या मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर, ते पेललेले असते. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा विणलेला कूड आणि त्यावर शेणमातीचे लिंपण. जमीन हलली की मेढी व वासे थोडे वाकतात, सांधे करकरतात, कुडाचे लिंपण तडकून खाली पडते. पण घर एकदम बसत नाही, आणि कूड पडला तरी त्याच्या वजनाने माणूस दगावत नाही. आधुनिक अभियंते ज्याला सांगाडा-बांधकाम म्हणतात, ज्यात भार खांब-तुळया घेतात आणि भिंत नुसता आडोसा करते, त्याचेच हे रानातल्या साहित्यातून उभे राहिलेले रूप होय. माळशेजच्या व माहुलीच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या कारवीने पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसांचे असे रक्षण केले आहे, ही गोष्ट वास्तुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जायला हवी होती.

तथापि कुडाच्या घरातच राहा, असे कोणी कोणाला सांगू नये. त्याला वाळवी लागते, दरवर्षी लिंपण करावे लागते, जंगलातले लाकूड आता पूर्वीसारखे मिळत नाही, आणि पक्क्या घराची इच्छा ही मानाची व सोयीची रास्त इच्छा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाट प्रदेशात घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, आणि त्या रकमेत विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चार भिंती व वर पत्रा किंवा स्लॅब असे घर जेमतेम बसते. चिंता या घराची आहे. पैसे पुरवायचे म्हणून ज्या वस्तूंत काटछाट होते, त्यांत सर्वांत आधी सळई जाते, आणि भूकंपात घर धरून ठेवणारी वस्तू नेमकी तीच असते. मुंबई-ठाण्याच्या इमारतींसाठी याच पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबतात. त्या कुटुंबांच्या वाट्याला येणारे घर तरी नीट बांधलेले असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तंत्र अवघड नाही. विटांची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. हादऱ्यात चारही भिंती वेगवेगळ्या दिशांनी डोलू लागतात आणि कोपऱ्यांत एकमेकींपासून सुटतात. त्यांना पेटीसारखे एकत्र बांधण्यासाठी जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींवरून अखंड फिरणारी काँक्रीटची पट्टी घालतात. ही पट्टी किमान 75 मिलीमीटर जाड असावी, तिच्यात निदान दोन आडव्या सळया रिंगांनी बांधलेल्या असाव्यात, आणि कोपऱ्यावर सळया तोडून न टाकता वाकवून दुसऱ्या भिंतीत नेलेल्या असाव्यात. नेहमीच्या पद्धतीत गवंडी फक्त दारा-खिडकीवर तेवढा लिंटेलचा तुकडा टाकतो. तोच तुकडा पुढे वाढवून घराभोवती फिरवला की घराची ताकद बदलते. छप्पर उतरते असेल तर भिंतीच्या माथ्यावर आणि त्रिकोणी भिंतीच्या कडेने आणखी एक पट्टी लागते, कारण ती त्रिकोणी भिंत सर्वांत आधी बाहेर पडते. दार-खिडकी कोपऱ्याला अगदी खेटून ठेवू नये. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते. ते दगड काढून पत्रे हुकांनी आवळणे हे काम तर आजही, बांधकाम न काढता होण्याजोगे आहे.

घराइतकाच, किंबहुना अधिक निकडीचा विचार आश्रमशाळांचा करावा लागेल. या दोन तालुक्यांत आदिवासी मुलामुलींच्या निवासी शाळा आहेत, तेथे मुले रात्री मोठ्या खोल्यांत रांगेने झोपतात, आणि कोयना व किल्लारी हे दोन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमाराचे होते हे विसरता येत नाही. दिवसा घेतलेली कवायत रात्री कामाला येतेच असे नाही. शेजारच्या पालघर जिल्ह्यात, जो 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये घरातून पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. धक्का लहान होता. घाबरून पळणे जिवावर बेतले. कौलारू घरात तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच वळचणीची कौले अंगावर येतात. म्हणून हादरा चालू असताना भक्कम बाकाखाली किंवा पलंगाखाली डोके झाकून थांबणे आणि तो थांबल्यावर शांतपणे मोकळ्या जागी जाणे, ही सवय मुलांच्या अंगवळणी पडायला हवी. त्यांच्या खाटांच्या वर जड पेट्या ठेवलेल्या फळ्या नसाव्यात.

भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता होईल असे सांगण्याची विद्या जगात कुठल्याही संस्थेजवळ नाही, आणि असे सांगणारा प्रत्येक संदेश खोटा समजावा. मोजमाप मात्र होऊ शकते. दगडखाणीतील सुरुंगाचा हादरा आणि भूकंपाचा हादरा यांचा आलेखही वेगळा येतो: सुरुंगात जमीन पहिल्या क्षणी सर्व दिशांना बाहेर ढकलली जाते, भूकंपात ती काही दिशांना ढकलली व काही दिशांना ओढली जाते. रात्री गडगडाट झाला की हा सुरुंग की भूकंप, असे गावकरी एकमेकांना विचारत बसतात, तो प्रश्न भूकंपमापक यंत्र काही मिनिटांत सोडवू शकते. अशा नोंदींचे निष्कर्ष, मग ते धरणाच्या अभ्यासासाठी घेतलेले का असेनात, ग्रामपंचायतीच्या फलकावर सोप्या मराठीत लागले पाहिजेत. ज्या गावांनी आपल्या जमिनी पाण्याखाली दिल्या आणि ज्यांतल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात अजून टँकर येतो, त्यांचा त्या माहितीवर पहिला हक्क आहे.

पाऊस संपून भात घरात आले की शहापूर-मुरबाडमध्ये घरांची कामे सुरू होतात. यंदा ज्यांचे घरकुल उभे राहणार आहे त्यांनी भिंत खिडकीच्या माथ्याला पोचली की काम अर्धा दिवस थांबवावे, आणि पट्टी चारही भिंतींवरून सलग जाते आहे व कोपऱ्यात सळई वाकवून आत घेतली आहे, हे काँक्रीट पडण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.