जॅकफ्रूटमधला ‘जॅक’

फणसाला इंग्रजीत ‘जॅकफ्रूट’ म्हणतात. त्यातला ‘जॅक’ हा कुणी साहेब असावा, असा समज सहज होतो; आणि शोधणाऱ्यांना तसा साहेब सापडलाही! ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहून सुमात्रापर्यंत वनस्पती गोळा करणारा स्कॉटिश शास्त्रज्ञ विल्यम जॅक, याच्यावरून हे नाव पडले असे काहींनी सांगितले. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तलेला हा तरुण मोठा गुणी होता, यात संशय नाही. पण त्याचा जन्म १७९५ चा.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ गोव्यात छापला गेला तो १५६३ साली. त्यात हे फळ ‘जाका’ या नावाने हजर आहे, आणि हे नाव मलबारातले असल्याचे ओर्ता स्वच्छ सांगतो. मल्याळम भाषेत फणसाला आजही ‘चक्का’च म्हणतात. मिरीच्या व्यापारासाठी आलेल्या पोर्तुगिजांनी तो शब्द मलबारच्या किनाऱ्यावर ऐकला, आपल्या वळणाने उच्चारला, आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. इंग्रजी कानाला त्यात घरचाच ‘जॅक’ ऐकू आला; ‘फ्रूट’ हे शेपूट मागाहून जोडले गेले.

कोकणपट्टीतील लोक या फळाला ‘पनस’ म्हणतात, हेही ओर्ताने टिपून ठेवले आहे. संस्कृतातला तोच शब्द मराठीत ‘फणस’ झाला. ग्रंथ छापला गेला गोव्यात. पण युरोपच्या प्रवासाला निघाला तो मलबारचा शब्द.