बाबा, गाडी तुम्ही चालवा

आजारी, थकलेल्या माणसाला गाडीतून फिरवून आणणं आणि त्याला स्वतः गाडी चालवू देणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली आपण सगळेच हौसेनं करतो. दुसरीचं नाव काढलं की घरात आवाज चढतात. मी आज दुसरीविषयी बोलणार आहे. इंग्लंडमध्ये माझ्या वडिलांसाठी गेली काही वर्षं मी ती घडवून आणते आहे.

सत्तरच्या दशकात बाबा पुण्याहून तिकडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत डॉक्टर म्हणून गेले. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर गेले. बहुतेकांनी आधी घर घेतलं, बाबांनी आधी एमजीबी घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची, गर्द हिरवी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी गाड्या बनल्या, पाच लाखांहून जास्त. इंजिन १७९८ सीसीचं. आजच्या मानानं तिचा वेग काही फार नाही, पण ती रस्त्याला इतकी लगटून धावते की साध्या वेगातही वारा कानात घुमतो. रात्रपाळी संपली की बाबा टप काढून गावाबाहेर एक फेरी मारून यायचे. ती त्यांची विश्रांती होती.

मग कंपवात झाला. ब्रिटनमध्ये हा आजार वाहन परवाना कार्यालयाला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि सत्तरीनंतर दर ३ वर्षांनी परवाना नव्यानं घ्यावा लागतोच. बाबांनी आजार कळवला, काही काळ तपासण्या देत राहिले आणि एक दिवस परवाना आपणहून परत पाठवला. त्यांचा तो निर्णय मला फार मोठा वाटतो. रस्त्यावर दुसऱ्यांची मुलं असतात. त्यामुळे रस्त्याचा प्रश्न आमच्या घरात मिटला. प्रश्न राहिला तो फक्त गाडीचा आणि बाबांचा.

खाजगी, बंदिस्त जागेत गाडी चालवायला तिथे परवाना लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या विमानतळांच्या कितीतरी धावपट्ट्या इंग्लंडभर पडून आहेत. त्यांतली एक सकाळभर भाड्यानं मिळते. रुंद, सरळ, समोरून कोणी येत नाही. बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी डोळे तपासले, पायांचा प्रतिसाद पाहिला आणि अट घातली की शेजारी माणूस हवा आणि त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक हवा, मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा.

खरी मेहनत पुढे होती. एमजीबीत शिरणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. आम्ही टप काढून ठेवतो, म्हणजे डोकं वाकवावं लागत नाही. बाबा सीटकडे पाठ करून आधी बसतात, मग दोन्ही पाय एकदम आत घेतात. सीटवर गोल फिरणारी उशी ठेवलेली असते. उतरताना मी "एक, दोन, तीन" म्हणते आणि तिनाला ते उठतात. कंपवातात पाऊल जागच्या जागी खिळतं, तेव्हा अशा ठेक्याची मदत होते. स्टिअरिंग जड होतं, म्हणून त्याला विजेची मोटर जोडून घेतली. जुन्या गाड्यांचे जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत. गाडी मूळ स्वरूपात जपण्यापेक्षा ती ज्याची आहे त्याला वळवता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि वेळ. कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी लागू पडली की काही तास शरीर ऐकतं, असर उतरला की ऐकत नाही. धावपट्टीची वेळ आम्ही गोळीच्या वेळेवरून ठरवतो. अंग जड असलं की बाबा सकाळीच सांगतात, "आज नको." आम्ही तिथे वाद घालत नाही.

२०१० साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी कंपवाताच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. चार पावलं टाकताना खिळणारा हा माणूस सायकलवर बसवताच सफाईनं चालवत होता. बाबांनीच मला ती नोंद दाखवली, आणि सायकलवरून मोटारीचा निष्कर्ष काढायचा नाही, हेही बजावलं. पण गियर बदलताना क्लचवरचा त्यांचा पाय मी पाहते. घरात उंबरठ्याशी अडणारा तोच पाय तिथे न अडखळता खाली जातो आणि हलकेच वर येतो. तिसरा गियर पडला की ते माझ्याकडे बघत नाहीत, समोर बघतात. त्या वेळी मी त्यांची काळजी घेणारी मुलगी नसते, शेजारी बसलेली प्रवासी असते. त्यांना ते हवं असतं. मलाही.

इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्या संस्था आहेत. माइक न्यूमन या अंध गृहस्थांनी सुरू केलेली 'स्पीड ऑफ साइट' ही संस्था दुहेरी नियंत्रणाच्या गाड्यांतून अंध आणि अपंग माणसांना ट्रॅकवर गाडी चालवू देते. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेगवान गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. तरुणांसाठी धावपट्टी मोकळी करता येते, तर एखादी सकाळ ज्येष्ठांसाठीही काढता यावी.

ऐकणाऱ्यांमध्ये गॅरेज चालवणारे, गाड्यांचे क्लब चालवणारे कोणी असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणाची गाडी आवरणाखाली उभी आहे, ते आठवून पाहा. त्यांच्या मुलांना फोन करा. शेजारच्या सीटसमोर ब्रेक बसवायला काय लागेल ते सांगा, बंदिस्त जागा कुठे मिळेल ते शोधा, आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारायला सांगा.