नवजात अर्भकाच्या फुप्फुस-धमनींतील गुठळी

सिंदफणेच्या कांठीं माजलगांवीं जन्मलेलें मूल असो कीं मुंबईंतील, पहिल्या रडण्याबरोबर त्याच्या रक्ताची वाट बदलते. गर्भांत प्राणवायु वारेकडून मिळत असल्यामुळें फुप्फुसांकडे थोडेंच रक्त जातें. जन्मानंतर मात्र हृदयाच्या उजव्या भागांतील रक्त फुप्फुस-धमनीवाटे तेथें गेलें पाहिजे. या धमनींतच गुठळी झाली तर? हा विकार विरळा खरा. परंतु त्याचें सोंग फसवें असतें.

अशा बाळाला धाप लागते, ओठ व जीभ निळीं पडतात, आणि प्राणवायु देऊनहि निळेपणा हटत नाहीं. हींच लक्षणें जन्मजात हृद्रोगांत, जंतुसंसर्गांत किंवा फुप्फुसांतील रक्तदाब न उतरल्यासहि दिसतात. म्हणून निव्वळ पाहून निदान होत नाहीं. त्यासाठीं ‘टू-डी एको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याचा हा मार्ग १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं दाखविला. शंका उरल्यास सी.टी. स्कॅन करितात.

गुठळीचीं कारणें अनेक: शिरेंत बसविलेली नळी, जंतुसंसर्ग, शरीरांतील पाणी आटणें, रक्त दाट असणें, मातेचा मधुमेह, क्वचित् आनुवंशिक दोष. म्हणूनच गरज संपतांच नळी काढून घेणें हा मोठा प्रतिबंध होय.

उपचारांत हेपॅरिन प्रमुख. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठविणारें द्रव्य शोधीत असतां त्याला नेमकें उलट गुणाचें द्रव्य सांपडलें. त्यांतूनच पुढें हें औषध आलें. तें गुठळी विरघळवीत नाहीं. तिची वाढ रोखतें. ज्या प्रथिनाच्या साह्यानें तें काम करितें, तें नवजाताच्या रक्तांत प्रौढाच्या सुमारें निम्मेंच असतें. म्हणून वजनाच्या मानानें मात्रा अधिक लागते व रक्त वारंवार तपासावें लागतें. प्राणावर बेतल्यास गुठळी विरघळविणारें औषध किंवा शस्त्रक्रिया हा मार्ग उरतो. परंतु त्या औषधानें मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भय असतें. म्हणून आधीं डोक्याची सोनोग्राफी करितात.

हे उपचार तालुक्याच्या गांवीं होण्यासारखे नाहींत. तथापि निळेपणा ओळखणें, ऊब व प्राणवायु देणें, आणि २०१४ पासून राज्यांत सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणें, हें माजलगांवींहि साधतें. निघण्यापूर्वी डॉक्टरांकरवीं बीड, अंबाजोगाई वा छत्रपती संभाजीनगर येथें विचारणा व्हावी, आणि जेथें नवजाताचा एको त्या वेळीं होऊं शकेल, तेथेंच बाळ न्यावें. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळण्यांत गेलेली घटका, किंवा एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत झालेली फरफट, त्या चिमुकल्या जीवाला परवडत नाहीं.