न्हाणीघरातील हवा

(संस्थेच्या वर्धापनदिनी अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी केलेले भाषण)



वर्षभराच्या कार्याचा आढावा आपण नुकताच ऐकलात. मला लाभलेल्या वेळात मी एकाच विषयावर बोलणार आहे. कारण त्यातील दुःख सर्वस्वी टाळता येण्याजोगे आहे.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातील एका सकाळी एका तरुण मुलीला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. ती स्नानाला गेली होती. हाकांना उत्तर येईना, तेव्हा वडिलांनी दार तोडले. अंगावर जखम नव्हती. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९८ टक्के दाखवीत होते. फिट आली असावी, असे मी प्रथम समजलो. इतक्यात आईने सांगितले, की गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावला होता आणि आत गॅसचा गिझर चालू होता. त्या वाक्याने निदान झाले. मुलगी वाचली, त्याचे श्रेय त्या माउलीच्या बोलण्याला आहे.

घरगुती गॅस, म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन, १ किलो जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालल्यास तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. सदनिकेतील लहान न्हाणीघरात हवा असते जेमतेम ५ ते ६ घनमीटर, आणि तीच आपल्याला श्वासालाही हवी असते. हवा अपुरी पडली की ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला वासही ज्योतीत जळून जातो. त्यामुळे नाक इशारा देत नाही.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. बोटावरील साध्या यंत्राला हा भेद ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास. मेंदू व हृदय यांना मात्र तितकी उसंत नसते. गर्भवतीच्या बाबतीत तर पोटातील बाळाला धोका अधिक असतो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत बसवावा व आत केवळ गरम पाण्याचा नळ आणावा. धुराची नळी थेट बाहेर उघडावी, बंदिस्त डक्टमध्ये नव्हे. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरेसा नाही. हवा आत येण्यास वाट नसेल, तर तो नळीतील धूरही खोलीत ओढू शकतो. हे बदल होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, खोलीतील हवा खेळू द्यावी आणि मगच स्नान करावे. डोके दुखणे, मळमळ, पायांतील शक्ती गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ बाहेर यावे. कोणी आत कोसळलेले आढळल्यास दारे-खिडक्या उघडून, गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणावे; आणि रुग्णालयात पोहोचताच गिझरचा उल्लेख आवर्जून करावा.

मुलीला घरी नेताना वडिलांनी विचारले, "डॉक्टर, संस्थेला काय देऊ?" मी म्हणालो, "आधी तो पुठ्ठा काढा आणि गिझर गॅलरीत न्या." आठवड्याने ते पुन्हा आले. गिझर हलविला होता. शेजारच्या तीन घरांतही त्यांनी स्वतः जाऊन सांगितले होते.

आपल्या देणग्यांतून येथे खाटा वाढतात, यंत्रे येतात. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण आज घरी गेल्यावर न्हाणीघराचा झरोका एकदा पाहावा, एवढी देणगी मी आपणा प्रत्येकाकडे मागतो.