स्पीकर एक, ॲप्स दहा

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

फोनवर गाणं चालू असतं, मध्येच मॅप म्हणतो ‘डावीकडे वळा’, गाणं हळू होतं, परत वाढतं. स्पीकर तर एकच. मग दोघांना एकाच वेळी बोलू देतंय कोण?

जुन्या लिनक्सवर बहुतेक वेळा कोणीच देत नव्हतं. ज्या प्रोग्रॅमने साऊंड कार्ड आधी उघडलं, त्याचंच ते. दुसऱ्याला उत्तर यायचं, ‘डिव्हाइस बिझी’. गाणी ऐकणाऱ्याला हा नुसता वैताग. पण आमच्या आळीतल्या एका दादांना दिसत नाही, ते सगळं स्क्रीन रीडरवर चालवतात. त्यांचा विचार करा. कार्ड अडवून बसलेला प्रोग्रॅम बंद करायचा, तर त्याचं बटण कुठंय हे सांगणारा आवाजच गप्प!

उपाय भजनी मंडळाच्या मिक्सरसारखा. माइक चार, बटणं चार, स्पीकरकडे वायर एक. कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे आकडे, सेकंदाला साधारण ४८,०००. दोन ॲप्सचे आकडे बेरीज करून पुढे पाठवायचे. एखादं ॲप ४४,१०० ने देत असेल तर आधी रूपांतर, आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली की आवाज फाटतो. लिनक्सवर हे काम आधी अल्सातला डीमिक्स करायचा. मग पल्सऑडिओ आला, २००७ च्या फेडोरा ८ मध्ये तोच डीफॉल्ट. २०२१ च्या फेडोरा ३४ पासून तिथे विम टायमन्सचा पाइपवायर आहे. तुमच्या अँड्रॉइडमध्ये हा मिक्सर म्हणजे ऑडिओफ्लिंगर.

खरी ओढाताण बफरची. एका वेळी ४,८०० आकडे भरून ठेवले तर प्रोसेसर निवांत झोपतो, बॅटरी वाचते, पण आवाज दहावा भाग सेकंद उशिरा येतो. गाण्याला चालतं. दादांना नाही चालत, त्यांना प्रत्येक बटणामागे उत्तर लगेच हवं. हार्मोनियम रेकॉर्ड करणाऱ्यालाही तसंच. म्हणून स्टुडिओवाले पूर्वी जॅक नावाची वेगळी व्यवस्था वापरायचे. पाइपवायरने दोन्ही गरजा एका छताखाली आणल्या.

पण बेरीज सोपी हो. मोठ्याने बोलायचं कोणी, हे कठीण. अँड्रॉइडवर ॲपने ‘ऑडिओ फोकस’ मागायचा आणि दुसऱ्याने मागितला की आपण गप्प व्हायचं. म्हणजे बराचसा शिष्टाचारच, आणि सगळी ॲप्स कुठे शिष्ट असतात! दादा एकदा पैसे पाठवत होते. टॉकबॅक रक्कम वाचत असतानाच ॲपमधली जाहिरात फुल आवाजात सुरू. पाचशे की पाच हजार, कळेना. शेवटी त्यांनी पैसे पाठवलेच नाहीत.

अँड्रॉइड ८ पासून टॉकबॅकचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो, ती सोय मला फार मोलाची वाटते. तुम्ही ॲप बनवत असाल तर मराठी आवाज लावून, डोळे मिटून एकदा ते चालवून बघा. फक्त टॉकबॅक बंद करायचा शॉर्टकट आधी सेट करून ठेवा, नाहीतर मला फोन कराल.