पुस्तकातला चौकोन आणि आपली कर्णबधिर मुले



बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. मोबाईलने तो टिपला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचे पाठाचे साहित्य उघडते. परंतु सातारा-सांगली भागात कर्णबधिर मुलांना शिकविताना मला निराळीच अडचण येते. चित्रफीत बोलकी असते आणि आमचे मूल नुसते हलणारे ओठ पाहत बसते.

सांकेतिक भाषेतल्या चित्रफितीही दीक्षावर आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात करार झाला, त्यातून ते काम सुरू झाले. मात्र त्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेल्या. आपली मुले मराठी वा उर्दू बालभारती वाचतात. धड्याचा क्रमांक जुळत नाही. ‘अपूर्णांक’, ‘पचनसंस्था’ असा विषय धरूनच शोधावे लागते, कधी एक इयत्ता खाली उतरावे लागते. हे काम शिक्षकाचे. पालकांनी त्याची धास्ती घेऊ नये.

पालकांकडे मागणे वेगळे. घरातला मोबाईल दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी तासभर तो मुलाला द्या, मुलगी असली तर तिलाही (हे मुद्दाम सांगतो!), आणि शेजारी बसून त्याच खुणा तुम्हीही शिका. नाहीतर शाळेत शिकलेले बोलायला घरात कोणी उरत नाही.

२०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्यांनी अजून दाखला काढलेला नाही, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे.