शाळेचा पट आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार फार करावा लागला नाही. अशा प्रसंगी विवाहातील खर्च, समाजमंदिराचा निधी, तरुणांची कर्तव्ये इत्यादींवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो वाईट आहे असे नाही. परंतु नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी खेड्यांत प्राथमिक शाळा राहते की जाते असा प्रश्न उभा असता, त्याविषयी मौन धरून इतर गोष्टी बोलणे आमच्याने होणार नाही. विषय रुक्ष आहे. शासननिर्णय, परिपत्रके आणि पटसंख्या यांचा आहे. आपण तो थोडा वेळ सहन करावा अशी विनंती आहे.

आपल्या या मुलखात शाळा कोणाच्या हुकमाने चालावी याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले. पुढे ज्यांनी संस्थानाविरुद्ध लढा चालविला ते मूळचे मास्तर होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्ती मिळाली आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. त्या वेळच्या माणसांना घाई कशाची होती, हे यावरून दिसते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तर एकाच दिवसात शाळांचे धनी बदलले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदरकडून इकडे आले, किनवट आदिलाबादेतून नांदेडात आला आणि मुधोळ नांदेडातून तिकडे गेला. मुले तीच, फळा तोच, पण अर्ज करावयाचे ठिकाण निराळे. पुढे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती म्हणजे आपल्याच माणसांची समिती, अशी त्या वेळी भावना होती व ती रास्त होती. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा दप्तर आणखी जवळ आले.

म्हणजे पाहा, शाळेचा निर्णय करणारी सत्ता प्रथम हैदराबादेस होती, ती जिल्ह्याच्या गावी आली आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, ती प्रत्यक्ष शाळेच्या ओसरीपर्यंत पोहोचली. या कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकंदर निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळेचा विकास आराखडा तिने करावयाचा, अनुदान कसे खर्च होते यावर नजर तिने ठेवावयाची. मार्च २०२२ मध्ये आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली व त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती कारभार गेला. त्या काळात निवडलेल्या सभासदांची शिक्षण समिती नव्हती, पण गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्या मात्र होत्याच. लोकांचा म्हणून जो काही आवाज शाळेच्या कारभारात उरला, तो या समित्यांचा.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने एक परिपत्रक काढले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविण्यात आले. नंदुरबारातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचा त्यासाठी दाखला देण्यात आला. राज्यभर अशा शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार भरत होती. त्यानंतर १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेस किती शिक्षक द्यावयाचे याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत मुले वीसहून कमी असतील तर तेथे शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये अशी तरतूद आली.

या धोरणामागे काहीच विचार नाही असे आम्ही म्हणणार नाही. सात मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही, स्नेहसंमेलन होत नाही, एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतो आणि मधूनच माहितीचे तक्ते भरतो. मोठ्या शाळेत मुलांस सोबत मिळते हे खरे. परंतु एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हा नियम कोणाच्या सोयीसाठी केला होता, हेही विचारले पाहिजे.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. आमच्या मूळ गावच्या शाळेचा पट त्या वर्षी सतरा होता. परिपत्रकाची बातमी कळली तेव्हा आम्ही नांदेडहून मुद्दाम गेलो. ज्या शाळेत आमच्या वडिलांनी धुळपाटीवर अक्षरे गिरविली, जिथे आम्ही बाराखडी शिकलो, ती शाळा जाणार म्हणून मनात मोठा आवेश होता. समितीच्या बैठकीस परवानगी घेऊन बसलो. गावात आपल्या समाजाची नऊ घरे आहेत. त्यांतले एकही मूल त्या शाळेत नव्हते. कोणी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत, कोणी लातुरास मामाकडे, कोणी वसतिगृहात. राहिलेली सतरा मुले शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वस्तीवरच्या घरांची. आमचा आवेश तेथेच निम्मा उतरला. शाळा वाचवा असे सांगावयास आम्ही गेलो होतो, आणि ती रिकामी करणाऱ्यांत आमचेच घर पहिले होते.

बैठकीत पुष्कळ वेळ कोणी काही बोलेना. समूहशाळेसाठी गाडीची सोय होईल असे कोणीसे सांगितले, तेव्हा समितीवरील एक बाई म्हणाल्या, “गाडी येईल म्हंता, पर पाऊस झाल्यावर नाल्याअलीकडंच गाडी थांबती. तवा लेकराला उचलून कोन न्यायचं? आमी तर कामावर आसताव.” त्या बाईंस लिहितावाचता बेताचेच येत होते. परंतु जो मुद्दा कोणा अधिकाऱ्याच्या टिपणात नव्हता तो त्यांनी दोन वाक्यांत मांडला. समितीने ठराव केला. तो सुवाच्य अक्षरात लिहून देणे, नाल्याचे अंतर व पावसाळ्यात रस्ता बंद राहिल्याचे दिवस त्यात घालणे, आणि पोच घेऊन तो तालुक्याच्या कचेरीत देणे एवढेच काम आमच्या वाट्याला आले. शाळा अद्याप चालू आहे. ती ठरावामुळे राहिली की कागद कोठे पडून राहिल्यामुळे, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि पटावरील नाव आधारपत्रिकेशी जुळले तरच मूल मोजले जाते. आईने सांगितलेले नाव निराळे, दवाखान्यातील निराळे आणि आधारातील तिसरेच, अशी मुले वर्गात बसून असतात व कागदावर नसतात. आमच्या गावात अशी दोन होती. ती जुळवून घेण्यास कोणा पुढाऱ्याची गरज नव्हती, एक दिवस मोकळा असलेल्या माणसाची होती. तसेच दिवाळीनंतर मुखेड, कंधार, लोहा या भागांतून कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि मुले बरोबर जातात. आजीपाशी राहणाऱ्या मुलांकरिता हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, पण तिची मागणी वेळेत व्हावी लागते. मागणीचा कागद करणारा कोणी नसला की मूल फडावर जाते आणि चैत्रात परत येते तेव्हा वाचन विसरलेले असते.

येथे कोणी म्हणेल की, ती मुले आपल्या समाजाची नाहीत, मग ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर हा विषय कशास? प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. ज्ञातीने शिक्षणाला हात द्यावा ही कल्पना ज्यांनी महाराष्ट्रात रुजविली त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींची वसतिगृहे काढविली, हे आपण प्रत्येक संमेलनात सांगतो. परंतु त्यांनीच १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एका शाळेत बसविले. वसतिगृह आपण उचलले आणि गावची शाळा सोडून दिली. लातुरात १९७० साली त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले, तेथून लातूर पॅटर्नची कीर्ती पसरली आणि आपल्या कितीतरी मुलांस त्याचा लाभ झाला. आम्ही त्याचे मोल कमी लेखीत नाही. पण ज्या खेड्यातून ती मुले लातुरास आली, तेथील पहिलीच्या वर्गाकडे आपण वळून पाहिले नाही.

याच स्मरणिकेचे गतवर्षीचे अंक काढून पाहा. दहावी-बारावीच्या गुणवंतांची छायाचित्रे पानेच्या पाने आहेत, मधूनमधून शिकवणीवर्गांच्या जाहिराती आहेत. (जाहिरातींवाचून अंक निघत नाही हे आम्हांस ठाऊक आहे, संपादकांनी रागावू नये.) गावच्या शाळेविषयी मात्र एक ओळ नाही.

मुले परत गावच्या शाळेत घाला असा उपदेश आम्ही करणार नाही. आमचा स्वतःचा नातू तेथे नाही, मग तो अधिकार आम्हांस कोठला? परंतु कायद्याने समितीच्या उरलेल्या पाव हिश्श्यात शिक्षक, स्थानिक संस्थेचे सभासद आणि शिक्षणाची जाण असलेली गावातील माणसे यांस जागा ठेविली आहे. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतील मंडळी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांनी तेथे बसावे, लिहावे, अर्ज करावेत, पोच घ्यावी. अध्यक्षपद घेण्याचा मोह मात्र धरू नये. ते पालकांचे आहे, आणि ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांच्याऐवजी आपण बोलू लागलो तर समितीचा हेतूच बुडेल.

कार्यकारिणीपुढे आमची एवढीच सूचना आहे. गुणवंत सत्काराच्या निधीतून यंदा एक चतुर्थांश रक्कम वेगळी काढावी आणि आपली घरे असलेल्या खेड्यांतील शाळांची, तिचा पट, शिक्षक आणि रस्ता यांसह, एक यादी ३० सप्टेंबरपूर्वी तयार करावी. पुढील स्मरणिकेत ती छापावी. मंडपाच्या दाराशी चिटणिसांनी एक वही ठेवली आहे. ज्यांना आपल्या गावच्या शाळेची माहिती आणणे शक्य आहे त्यांनी जेवणास जाण्यापूर्वी तीत आपले व गावाचे नाव लिहावे. पहिल्या ओळीवर आम्ही आमच्या गावाचे नाव लिहून ठेवले आहे.